शेरा नको, घटना सांगा: ऑफिसमधला त्रास, मुलाखत आणि वाचन यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

नोकरीच्या पहिल्या एक-दोन वर्षांत तीन गोष्टी माणसाला हैराण करतात. एखादा वरिष्ठ किंवा सहकारी नीट वागत नाही आणि त्याबद्दल कुणाशी, कसं बोलायचं ते कळत नाही. तिथून बाहेर पडावं म्हणून दुसरीकडे मुलाखत द्यायला जावं, तर येत असलेली उत्तरंही ऐनवेळी सुचत नाहीत. मग स्वतःत सुधारणा करायची म्हणून पुस्तकं आणली जातात, वाचलीही जातात, पण सोमवारी सकाळी ऑफिसात सगळं पूर्वीसारखंच चालू असतं.

या तिन्हींतून मी गेले आहे, आणि आता अधूनमधून मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसते. दोन्हीकडून पाहिल्यावर माझी एक खात्री झाली आहे. आपण शेरे लक्षात ठेवतो आणि घडलेलं विसरून जातो. ‘ते फार उद्धट आहेत’, ‘मी टीममध्ये उत्तम काम करते’, ‘पुस्तक छान होतं’ ही तिन्ही वाक्यं खरी असतील, पण त्यांच्यावरून पुढे काहीच करता येत नाही. कधी, कुठे, कोण काय म्हणालं, मग तुम्ही काय केलंत, त्याचं काय झालं, एवढं सांगता आलं की तक्रार ऐकली जाते, मुलाखतीत उत्तर सुचतं आणि वाचलेलं वापरता येतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच सवयीच्या आहेत.

सुरू करण्याआधी काय जवळ हवं

- एक साधी वही. ती स्वतःची हवी आणि घरी राहणारी हवी. ऑफिसच्या लॅपटॉपवर या नोंदी ठेवू नका. नोकरी सुटते त्या दिवशी लॅपटॉपही जातो.
- नियुक्तीपत्र, करार आणि पगारवाढीची पत्रं यांच्या प्रती.
- कंपनीचे वर्तणुकीचे नियम आणि तक्रार कशी करायची याची कार्यपद्धती.
- तुमच्या कामाचं ठरलेलं स्वरूप, वर्षाची उद्दिष्टं, मागचं अप्रेजल.
- बायोडेटा, आणि ज्या जागेसाठी अर्ज केलात त्या जाहिरातीची जतन केलेली प्रत. मुलाखतीचा फोन येईपर्यंत ती जाहिरात बहुतेक वेळा वेबसाइटवरून उतरवलेली असते, आणि मग कशाची तयारी करायची तेच आठवत नाही.

इथेच एक धोका सांगते. पुरावा हवा म्हणून ऑफिसची कागदपत्रं, ग्राहकांची माहिती किंवा अंतर्गत मेल स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नका. गोपनीयतेचा भंग म्हणून ते तुमच्यावरच उलटतं आणि मूळ तक्रार बाजूला पडते. मेल कोणत्या तारखेचा, कुणाचा, कोणत्या विषयाचा, एवढं वहीत लिहा. गरज पडली तर कंपनी तो स्वतःच्या सर्व्हरवरून काढू शकते.

पायरी १: त्रास कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा

सगळा त्रास एकाच मापाने मोजला की एक तर साध्या गोष्टीचा गाजावाजा होतो, नाही तर गंभीर गोष्ट अंगावर काढली जाते. मी चार प्रकार करते.

पहिला प्रकार, ताणाखालचं वागणं. महिनाअखेर आहे, वरून दट्ट्या आहे, म्हणून माणूस खेकसतो. दुसऱ्याचं वागणं समजून घेताना आपण त्याच्या परिस्थितीपेक्षा त्याच्या स्वभावाला जास्त दोष देतो, हे मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये नेमकेपणाने मांडलं होतं. म्हणून एकदा घडलं तर लिहून ठेवा आणि सोडून द्या.

दुसरा, वाईट सवय. मध्येच तोडणं, तुमचं काम स्वतःच्या नावावर सांगणं, संध्याकाळी निघताना काम अंगावर टाकणं. यात बहुतेक वेळा कट नसतो. आजवर कुणी अडवलेलं नसतं, एवढंच. बोलून सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

तिसरा, ठरवून एकाच माणसाला लक्ष्य करणं. मीटिंगला न बोलावणं, माहिती दडवणं, चारचौघांत पुनःपुन्हा अपमान करणं, आणि यात इतरांनाही ओढणं. स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन यांनी १९८० च्या दशकात याचा पद्धतशीर अभ्यास केला. आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने, असा निकष त्यांनी धरला होता. तो संशोधनासाठी होता, त्यामुळे तुम्ही सहा महिने सोसत बसावं असा त्याचा अर्थ नाही. पण अशा त्रासात ‘किती वेळा’ आणि ‘किती काळ’ हे दोन प्रश्न महत्त्वाचे असतात हे त्यातून कळतं, आणि दोन्हींची उत्तरं फक्त तारखांच्या नोंदीतूनच मिळतात.

चौथा, लैंगिक छळ, धमकी, हात उगारणं, किंवा तुम्ही कोणत्या समाजाचे, धर्माचे, लिंगाचे आहात यावरून दिलेला त्रास. इथे दुसऱ्या घटनेची वाट पाहायची नसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या जागेवरच्या हिंसा आणि छळाबद्दल १९० क्रमांकाचा करार मंजूर केला, तो जून २०२१ पासून अमलात आला. घटना एकदाच घडली तरी ती छळ ठरू शकते, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. प्रशिक्षणार्थी आणि नोकरीसाठी अर्ज केलेले उमेदवारही त्याच्या संरक्षणात येतात. कामानिमित्तचा प्रवास आणि कामाचे फोन-मेसेजही येतात. मान्यता दिलेल्या देशांनाच तो बंधनकारक आहे, आणि प्रत्येक देशाचे कायदे वेगळे असतात. पण ‘एकदाच तर झालं, जाऊ दे’ म्हणणाऱ्यांना देण्यासाठी हे उत्तर लक्षात ठेवा. या प्रकारात पायरी २ मधली नोंद त्याच दिवशी करा आणि पायरी ३ गाळून थेट पायरी ४ ला जा. त्रास देणाऱ्याशी एकट्याने बोलायला जाण्याचं कोणतंही बंधन तुमच्यावर नाही.

पायरी २: त्याच दिवशी लिहा

नोंद कशी असावी हे उदाहरणानेच कळेल. ही अशी नको:

‘आज पुन्हा सरांनी सगळ्यांसमोर माझा अपमान केला. नेहमीचंच आहे. त्यांना मी नकोच आहे.’

अशी हवी:

‘मंगळवार, सकाळी साधारण ११.२०. आठवड्याची आढावा मीटिंग, सहा जण हजर. मी तिसऱ्या स्लाइडवर होते. सर मध्येच म्हणाले, “हे आकडे कुणी तपासलेत की असेच चिकटवलेत?” मी म्हटलं, अकाउंट्सकडून कालच तपासून घेतलेत. ते म्हणाले, “बस खाली, पुढचं कोण दाखवतंय?” उरलेल्या चार स्लाइड्स दाखवता आल्या नाहीत. दुपारी तेच आकडे त्यांनी माझ्याकडून मागून घेतले आणि बदल न करता पुढे पाठवले.’

दुसऱ्या नोंदीत कुठेही ‘अपमान’ लिहिलेलं नाही, तरी वाचणाऱ्याला तो दिसतो. शेवटचं वाक्य तर सगळ्यात मोलाचं आहे, कारण आकड्यांत चूक नव्हती हे त्यातून आपोआप कळतं.

बोललेले शब्द जसेच्या तसे आठवत असतील तर अवतरणात टाका. आठवत नसतील तर ‘साधारण अशा अर्थाचं’ असं लिहा, आपल्या मनाने वाक्यं रचू नका. कोण हजर होतं, कामाचं काय नुकसान झालं, तुम्ही काय उत्तर दिलंत, हेही लिहा. तुमचं उत्तर तिखट होतं का? तेही लिहा. स्वतःला सोयीस्कर तेवढंच ठेवलेली वही चौकशीत पहिल्या दोन प्रश्नांतच उघडी पडते.

गुपचूप आवाज रेकॉर्ड करावा का, असं मला बरेच जण विचारतात. काही ठिकाणी तो गुन्हा ठरतो, काही ठिकाणी चालतो. तिथला कायदा माहीत असलेल्या वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

लिहिण्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. महिनाभराच्या नोंदी सलग वाचल्या की चित्र बदलतं. कधी कळतं की आपल्याला रोजचा वाटणारा त्रास फक्त एका ठरावीक रिपोर्टच्या आधी होतो. कधी उलट, किरकोळ समजून सोडलेल्या गोष्टींची रांगच्या रांग दिसते.

पायरी ३: एकांतात, थोडक्यात, मुद्द्याचं बोला

पहिल्या दोन प्रकारांत हे जरूर करून पाहा. सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेने अशा बोलण्यासाठी एक सोपी मांडणी दिली आहे: प्रसंग कोणता, वागणं कोणतं, परिणाम काय. त्यात मी चौथी गोष्ट जोडते, ‘पुढच्या वेळी काय व्हावं’. ती नसेल तर समोरच्याला नुसता ठपका ऐकू येतो.

“सर, पाच मिनिटं मिळतील का? मंगळवारच्या मीटिंगबद्दल बोलायचं होतं.”

“बोल.”

“मी तिसऱ्या स्लाइडवर असताना तुम्ही थांबवलंत, आणि पुढचा भाग राहून गेला. त्यातच अकाउंट्सने तपासलेल्याची नोंद होती. ती टीमपर्यंत पोचलीच नाही, म्हणून नंतर दोघांनी मला पुन्हा तेच विचारलं. आकड्यांबद्दल शंका असेल तर मी आदल्या दिवशी तुम्हाला फाइल पाठवते. मीटिंगमध्ये मात्र मला शेवटपर्यंत मांडू द्या.”

“अगं, त्या दिवशी घाईत होतो.”

“हो सर, कळलं मला. मग या सोमवारपासून फाइल पाठवू?”

“पाठव.”

बस, इथे थांबा. माफी मागून घेण्याचा हट्ट धरू नका, मागच्या सहा गोष्टी उकरून काढू नका. आणि ‘सगळेच तुमच्याबद्दल असं म्हणतात’ हे वाक्य तर अजिबात नको. ते ऐकलं की समोरचा माणूस ‘कोण म्हणतं?’ याच्याच मागे लागतो आणि तुमचा मुद्दा तिथेच संपतो.

बोलताना आवाज कापतो, डोळे भरून येतात, असं बऱ्याच जणांचं होतं. त्यात कमीपणा नाही. पहिलं वाक्य कागदावर लिहून मोठ्याने म्हणून पाहा. एकदा पहिलं वाक्य निघालं की पुढचं सांभाळता येतं.

संतापाच्या भरात मेल लिहायची खुमखुमी आली तर ‘टू’ची जागा रिकामी ठेवून लिहा, आणि पाठवायचा निर्णय दुसऱ्या दिवशी घ्या. टीमच्या ग्रुपवर टोमणा मारणं त्याहून वाईट. तो स्क्रीनशॉट नेमका तुमच्या विरोधात वापरला जातो.

बोलणं झाल्यावर दोन ओळींचा साधा मेल टाका: ‘आज बोलल्याप्रमाणे दर सोमवारी फाइल पाठवेन. वेळ दिल्याबद्दल आभार.’ यात आरोप नसतो, पण बोलणं झालं होतं याची तारीख राहते.

पायरी ४: लेखी तक्रार

बोलूनही तेच चालू राहिलं, किंवा प्रकार तिसरा-चौथा असेल, तर लेखी तक्रार करा. आधी धोरण वाचा: कुणाकडे करायची, किती मुदतीत, अपील कुठे. मुदत उलटून गेली म्हणून चांगल्या तक्रारी बाद होताना मी पाहिल्या आहेत, आणि ते टाळता येण्यासारखं असतं.

तक्रार एक-दीड पानात बसवा. सुरुवातीला दोन वाक्यांत सार, मग तारखेनुसार घटना, मग कोण साक्षीदार, कोणते मेल, आधी बोलून काय झालं, आणि शेवटी तुमची मागणी. मागणी नसलेली तक्रार फाइलमध्ये पडून राहते. ‘न्याय मिळावा’ ही मागणी धूसर आहे. ‘माझ्या कामाचा आढावा दुसऱ्या वरिष्ठांनी घ्यावा’ यावर हो किंवा नाही म्हणता येतं. पोच लेखीच घ्या.

एचआरबद्दल एक गोष्ट नव्या लोकांना कुणी सांगत नाही. ती माणसं चांगली असू शकतात, पण त्यांचं काम कंपनीचं हित सांभाळणं हे आहे. तुमचं हित आणि कंपनीचं हित जिथे जुळतं तिथे ती खूप मदत करतात. म्हणून या वागण्याने काम कसं अडतंय, किती रिपोर्ट उशिरा गेले, कोणता ग्राहक नाराज झाला, हे सांगा. आणि साक्षीदार म्हणून एखाद्याचं नाव देण्याआधी त्याला विचारा. त्यालाही नोकरी सांभाळायची असते.

तक्रारीनंतर कामाचं वाटप अचानक बदललं, अप्रेजल घसरलं, मीटिंगची आमंत्रणं थांबली, तर तेही त्याच वहीत तारखेसह लिहा. कंपनी दाद देत नसेल तर संघटना, सरकारी कामगार खातं किंवा वकील यांच्याकडे जाताना हीच वही सोबत न्यायची.

पायरी ५: थांबायचं की निघायचं

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘बर्नआउट’चा समावेश कामाशी निगडित स्थिती म्हणून केला आहे, आजार म्हणून नव्हे. तिची तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती संपून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना. तिन्ही ठाण मांडून बसली असतील तर डॉक्टरांना भेटा आणि निघण्याची तयारी सुरू करा. निघणं म्हणजे हार नव्हे. फक्त शक्यतो दुसरी नोकरी हातात आल्यावर राजीनामा द्या, कारण बेकारीच्या दडपणाखाली दिलेल्या मुलाखती बिघडतात आणि पगारावर बोलताना आपण नको तितके नमतो. तब्येत किंवा सुरक्षितता धोक्यात असेल, तर मात्र हा हिशेब बाजूला ठेवा.

पायरी ६: मुलाखतीसाठी घटनांची यादी करा

बरेच उमेदवार उत्तरं पाठ करतात. त्यापेक्षा घटना गोळा करा. मुलाखतीतले बरेचसे प्रश्न दोन साच्यांत बसतात. ‘असं झालं तर काय कराल?’ हा पहिला. गॅरी लेथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये ही पद्धत मांडली. ‘असं झालं होतं तेव्हा काय केलंत?’ हा दुसरा. टॉम यान्झ यांनी १९८२ मध्ये त्यावर लिहिलं. दोन्हींचं उत्तर तुमच्या आयुष्यात घडलेल्या गोष्टीतून दिलं की भक्कम होतं.

वहीच्या मागच्या पानांवर सहा-सात घटना लिहा: कुणाशी मतभेद झाला आणि मिटला, मुदत कमी असताना काम पूर्ण केलं, हातून चूक झाली आणि दुरुस्त केली, काहीतरी नवीन पटकन शिकावं लागलं, नकार द्यावा लागला, कुणाला शिकवलं. प्रत्येकीत परिस्थिती, तुमची जबाबदारी, तुम्ही केलेली कृती आणि निष्पत्ती. कृतीला निम्म्याहून जास्त वेळ द्या. उमेदवार परिस्थिती सांगण्यातच दोन मिनिटं घालवतात आणि ‘मग आम्ही ते केलं’ म्हणून संपवतात. समोर बसलेल्यांना ‘आम्ही’त तुमचा वाटा किती हे कळत नाही आणि गुण हुकतात.

नोकरीचा अनुभव नसेल तर कॉलेजचा प्रकल्प, स्पर्धा, घरातली जबाबदारी चालेल. घटना खरी आणि तुमची हवी. पुढचे तीन उपप्रश्न आले की बनवलेली गोष्ट टिकत नाही.

पायरी ७: मुलाखतीत होणाऱ्या घोडचुका आणि त्या सावरायच्या कशा

*जुन्या साहेबांची निंदा.* ‘आधीची नोकरी का सोडताय?’ हा प्रश्न येणारच, आणि त्रास सोसून आलेल्या माणसाचा बांध इथेच फुटतो. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असलं तरी समोरच्याकडे ते तपासायला काही साधन नसतं. त्याला फक्त इतकंच दिसतं की हा माणूस अनोळखी लोकांसमोर जुन्या ऑफिसबद्दल असं बोलतो. खोटंही बोलू नका. असं सांगता येतं: “तिथे मी रिपोर्टिंगचं काम चांगलं शिकले. आता मला ग्राहकांशी थेट बोलण्याचं काम हवं आहे, आणि ते तिथे माझ्या वाट्याला येण्याची शक्यता कमी होती. तुमच्या जाहिरातीत ते पहिल्याच ओळीत होतं.” दोन वाक्यं मागची, एक पुढचं. त्रासाबद्दल खोदून विचारलंच तर “कामाच्या पद्धतीबद्दल आमची मतं वेगळी होती, मी ती समोर बसून मांडली, काही बदललं, काही नाही” एवढं पुरे.

*येत नसताना ठोकून देणं.* अनुभवी माणसाला हे लगेच कळतं. “हे मी वापरलेलं नाही. याच्या जवळचं अमुक वापरलंय, त्यावरून विचार केला तर मी इथून सुरुवात करेन” या उत्तराला मी स्वतः गुण दिले आहेत.

*प्रश्न पूर्ण होण्याआधी उत्तर सुरू करणं.* दोन सेकंद थांबा. तुम्हाला ती शांतता फार लांब वाटते, समोरच्याला वाटत नाही.

*‘तुमचा कमकुवतपणा?’ला ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’.* हे उत्तर इतक्यांदा ऐकलेलं असतं की पेन हातातच राहतं, कागदावर काही उतरत नाही. खरी पण कामाचा कणा न मोडणारी उणीव सांगा, आणि त्यावर काय करताय तेही: “मी काम वाटून द्यायला उशीर करते. आता आठवड्याच्या सुरुवातीलाच कोणतं काम कुणाला द्यायचं ते लिहून काढते.”

*‘काही विचारायचंय?’ला ‘नाही’.* निदान दोन प्रश्न तयार ठेवा. मला सगळ्यात उपयोगी वाटणारे असे: “पहिल्या तीन महिन्यांत या जागेवरच्या माणसाने काय पूर्ण करावं अशी अपेक्षा आहे?” आणि “टीममध्ये मतभेद झाला की तो सहसा कसा सोडवला जातो?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. एकमेकांकडे पाहून अवघडल्यासारखं हसले, तर तीही माहिती आहे. एका त्रासातून निघून दुसऱ्यात पडू नये, यासाठी मुलाखत तुमच्याही तपासणीची आहे.

*ऑनलाइन मुलाखतीत दुसऱ्या खिडकीतून वाचणं.* डोळ्यांची हालचाल दिसते आणि आवाज सपाट होतो. घटनांची नुसती शीर्षकं कागदावर लिहून समोर चिकटवा. कॅमेरा, माइक, लिंक आदल्या दिवशीच तपासा.

एखादं उत्तर फसलंच तर? एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवलं होतं की माणसाबद्दलच्या एका मताची छाया त्याच्या बाकीच्या गुणांच्या मोजमापावरही पडते. म्हणून व्यवस्थित मुलाखतीत प्रत्येक प्रश्नाला वेगळे गुण दिले जातात. आधी ठरवलेले प्रश्न सगळ्यांना विचारून घेतलेली मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा योग्य माणूस निवडायला जास्त भरवशाची असते, असं फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांच्या १९९८ च्या मोठ्या आढाव्यातही दिसलं. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की तिसरं उत्तर फसलं तरी चौथ्याचे गुण शिल्लक असतात. मनात तिसऱ्यालाच कुरवाळत बसलात तर चौथंही जातं. योग्य मुद्दा नंतर सुचला तर शेवटी सरळ म्हणा, “मगाशी त्या प्रश्नात एक गोष्ट राहिली, तीस सेकंदांत सांगू का?” बहुतेक जण हो म्हणतात.

घरी आल्यावर विचारलेले प्रश्न लगेच वहीत उतरवा. पुढच्या मुलाखतीची निम्मी तयारी तीच असते.

पायरी ८: वाचन असं करा की ते कामी येईल

सगळ्यात आधी वाचायचं ते तुमचं नियुक्तीपत्र आणि कंपनीचे नियम. नोटीस किती दिवसांची, प्रोबेशनच्या अटी, तक्रारीची मुदत. स्वतःला सुधारण्याची पुस्तकं वाचणाऱ्या कितीतरी जणांनी आपलं स्वतःचं पत्र शेवटपर्यंत वाचलेलं नसतं.

त्यानंतर एका वेळी एकच अडचण घ्या आणि त्याच विषयावरचं एक पुस्तक निवडा. ‘व्यक्तिमत्त्व घडवायचंय’ ही अडचण नव्हे. ‘मीटिंगमध्ये मला तोडलं की मी गप्प बसते’ ही अडचण आहे. निवडताना अनुक्रमणिका आणि मधलं एखादं प्रकरण चाळा. लेखक काय करायचं ते सांगतो की नुसता हुरूप देतो, हे पाच पानांत कळतं.

वाचलेलं विसरतं म्हणून स्वतःला बोल लावू नका. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की शिकल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत विसरण्याचा वेग सर्वांत जास्त असतो. उपाय मात्र आपण चुकीचा करतो: पुन्हा वाचतो, ओळी रंगवतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात, पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा मात्र न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हा प्रकरण संपलं की पुस्तक मिटा आणि आठवेल ते पाच ओळींत लिहा. मग उघडून काय राहिलं ते पाहा. दोन-तीन दिवसांनी हेच पुन्हा करा.

मग त्या पाच ओळींतली एकच निवडा आणि ती ‘जेव्हा... तेव्हा...’ अशा वाक्यात बसवा. पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात अशा ठरावांचा बराच अभ्यास केला. नुसत्या इच्छेपेक्षा प्रसंगाला बांधलेला ठराव पाळला जाण्याची शक्यता जास्त असते, असं त्यांना आढळलं. ‘मी ठामपणे बोलेन’ याऐवजी ‘मीटिंगमध्ये मला मध्ये तोडलं, तेव्हा मी “एवढं वाक्य पूर्ण करते” म्हणेन’ असं लिहा. आठवडाभर तो एकच ठराव. प्रसंग आला का, म्हटलं का, पुढे काय झालं, याची नोंद करा. दुसरं पुस्तक उघडण्याआधी हे व्हायलाच हवं.

वाचनातला एक सापळा मला सगळ्यात घातक वाटतो. स्वभावांचे प्रकार सांगणारी पुस्तकं वाचली की आपण ऑफिसातल्या माणसांना नावं लावायला लागतो. हा ‘नार्सिसिस्ट’, ती ‘टॉक्सिक’. असं निदान करणं डॉक्टरांनाही समोर बसवून, वेळ देऊनच जमतं. तुम्ही ते नाव तक्रारीत लिहिलंत तर चौकशी तुमच्या त्या एका शब्दावर अडते, आणि मंगळवारी ११.२० ला काय झालं हे कुणी विचारत नाही. असलं नाव सुचलं तर वहीत कंस करून बाजूला लिहा आणि स्वतःला विचारा की कोणत्या तारखेच्या कोणत्या नोंदीवरून मला हे वाटलं. तीन नोंदी दाखवता आल्या तर तक्रारीत त्या तीन नोंदी घाला, नाव वगळा.